बिथरलेला घोडा पुन्हा घडवताना

माझ्याकडे आलेल्या एका घोडीला मोरकी, म्हणजे तोंडाभोवती चढवायची मुसकी ज्याला दोरी बांधतात ती, चढवायची म्हटली की दोन माणसं आणि अर्धा तास लागायचा. मोरकी हातात दिसली की ती कोपरा गाठायची आणि पुठ्ठे, म्हणजे मागचा भाग, आमच्याकडे करून उभी राहायची. ‘हट्टी आहे, मारल्याशिवाय ऐकत नाही,’ असं सांगूनच तिला आणून सोडलं होतं. पहिले दोन दिवस मी तिला हात लावला नाही, कुंपणाबाहेर बसून फक्त पाहत राहिलो. तिने पुठ्ठे फिरवले की जवळ जाणारा माणूस दोन पावलं मागे सरत होता. दर वेळी. पाठ केली की माणूस जातो, एवढाच तिचा हिशोब होता. कोणीतरी तिला हे नकळत, रोज आणि अगदी चोख शिकवलं होतं.

अवघड घोड्याबद्दल मला जे सांगायचं आहे त्याचं मूळ इथेच आहे. घोडा सूड उगवत नाही आणि खोड्याही काढत नाही. त्रास, भीती किंवा दाब कशाने थांबला, ते तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच करतो. चावल्यावर हात मागे गेला, तर चावणं उपयोगी. उभं राहून अंग झटकल्यावर स्वार उतरला, तर तेही उपयोगी. त्यामुळे घोडा पुन्हा घडवायचा म्हणजे त्याचा हा हिशोब नव्याने मांडायचा. हे काम जमिनीवर उभं राहून, दोरी हातात घेऊन करायचं असतं. खोगिरावर बसून ते करायला गेलात तर उशीर झालेला असतो आणि पडण्याची उंचीही वाढलेली असते.

आधी दुखणं शोधा

कुठलाही धडा सुरू करण्याआधी पशुवैद्याकडून घोड्याची नीट तपासणी करून घ्या. वळण लावायला आणलेल्या घोड्यांमध्ये दुखण्याने वैतागलेले घोडे फार असतात, आणि दुखणाऱ्या घोड्याला शिस्त लावणं हा अन्याय आहे. तोंड, पाठ, खूर आणि पोट या चार जागा कधीही वगळू नका.

घोड्याच्या दाढा आयुष्यातली बरीच वर्षं वर येत राहतात आणि चघळताना झिजतात. झीज सारखी झाली नाही तर कडा धारदार होतात आणि गालाला, जिभेला जखमा करतात. लगाम ओढला की डोकं उडवणाऱ्या घोड्याचं तोंड आधी उघडून बघा. दात वर्षातून एकदा तरी तपासायला हवेत. पाठीसाठी बोटांची टोकं कण्याच्या दोन्ही बाजूंनी मध्यम दाबाने मागे नेत जा. एखाद्या ठिकाणी पाठ खाली दबली, कातडी थरथरली, कान मागे गेले किंवा घोड्याने मान वळवून तुमच्याकडे पाहिलं, तर ती जागा दुखते आहे असं धरा. खोगीर काढल्यावर घामाने भिजलेल्या पाठीवर कोरडे डाग दिसले, तर तिथे खोगीर रुतत असण्याची शक्यता मोठी. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना चावायला धावणारा घोडा तर आपलं दुखणं स्पष्टच सांगत असतो. चालताना डोकं एका लयीत वरखाली होत असेल, तर खूर आणि पाय दाखवा.

पोटाचा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, पण ते सौम्य करणारी लाळ मात्र चघळतानाच सुटते. मोकळा घोडा दिवसाचे सोळा-सोळा तास चरतो, ते या शरीररचनेला धरूनच. दोन वेळा भरपूर दाणा आणि मधले तास रिकामं पोट, असं ठेवलं की जठराला व्रण पडू शकतात आणि घोडा चिडचिडा, अंगचोर होतो. रोजची वैरण सुक्या वजनात शरीराच्या दीड ते दोन टक्के असावी, म्हणजे 400 किलोच्या घोड्याला सहा ते आठ किलो. ती दिवसभरात विभागून द्या. काम कमी असेल तर दाणा कमी करा. यात बदल एकदम न करता आठवडाभरात हळूहळू करा.

घोडा दिवसातून किती वेळ मोकळा असतो आणि त्याला दुसरा घोडा निदान दिसतो का, तेही पाहा. तेवीस तास खोपटात उभ्या असलेल्या जनावराला बाहेर काढल्यावर ते उधळलं, तर त्यात त्याचा दोष नाही. मी कित्येकदा फक्त वैरण आणि मोकळीक बदलून तीन आठवडे वाट पाहिली आहे, आणि निम्मी तक्रार मिटलेली पाहिली आहे.

या काळात एक वही ठेवा. काय झालं, कुठे, किती वाजता, त्याच्या लगेच आधी काय घडलं आणि नंतर माणसाने काय केलं, ते लिहा. हा शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. घोडीने पुठ्ठे फिरवले एवढं सगळ्यांना दिसत होतं. माणूस मागे सरला, हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं.

तो तुम्हाला कसा बघतो

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ 350 अंशांतलं दिसतं. उरतात त्या दोन आंधळ्या जागा, एक कपाळाच्या अगदी पुढे आणि दुसरी शेपटीच्या थेट मागे. सरळ समोरून कपाळाकडे जाणारा हात त्याला शेवटच्या क्षणी दिसेनासा होतो. म्हणून खांद्याच्या रोखाने, तिरपं, बोलत बोलत जावं.

तुमच्या शरीराची भाषा तो तुमच्यापेक्षा बारकाईने वाचतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला. उत्तराइतक्या वेळा तो खूर आपटायचा. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने दाखवून दिलं की विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसेल किंवा तो हान्सला दिसत नसेल, तर हान्स चुकतो. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि ते पाहून घोडा थांबायचा. इतकी सूक्ष्म हालचाल टिपणाऱ्या प्राण्यासमोर तुम्ही दात-ओठ खाऊन, खांदे ताठ करून उभे राहिलात आणि तोंडाने ‘शाब्बास’ म्हणालात, तर तो खांद्यांवर विश्वास ठेवेल.

तुम्हीही त्याला वाचायला शिका. कान टवकारून एका दिशेला रोखले म्हणजे लक्ष तिकडे आहे. मानेला चिकटवून मागे टाकले म्हणजे इशारा. एक कान तुमच्याकडे आणि दुसरा इकडे तिकडे फिरणं ही मला सगळ्यात आवडणारी खूण, कारण तेव्हा घोडा विचार करत असतो. डोळ्यावरच्या सुरकुत्या, आवळलेला खालचा ओठ, ताणलेल्या नाकपुड्या, चाबकासारखी फटकारणारी शेपूट म्हणजे ताण. मान खाली येणं, लांब श्वास सोडून फुरफुरणं, ओठ सैल होणं म्हणजे ताण उतरतो आहे. जीभ फिरवून चघळल्यासारखं करणं म्हणजे ‘मला पटलं’ असं पुष्कळजण सांगतात. तसं धरून चालू नका. बहुधा ते ताण ओसरताना होतं, म्हणजे त्याच्या आधी ताण होता हेही त्यातून कळतं. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. जबड्याच्या खालच्या कडेला बोटं ठेवून ती मोजता येते. दोरी धरल्यावर शांत उभा दिसणाऱ्या घोड्याची नाडी सत्तरवर असेल, तर तो शांत नाही, फक्त हलत नाही.

नेता म्हणजे कोण

कळपात एक घोडा सगळ्यांवर हुकूम गाजवतो आणि माणसाने त्याची गादी बळकवायची, ही कल्पना फार पसरली आहे. मोकळ्या कळपांचं निरीक्षण करणाऱ्यांना चित्र वेगळं दिसलं आहे. कळप हलवायची सुरुवात दर वेळी एकच घोडा करतो असं नाही, आणि पाण्यावर कोण पुढे आणि सावलीत कोण पुढे हेही सारखं नसतं. शिवाय आपण दोन पायांचे आहोत आणि घोडा आपल्याला घोडा समजतो असं मानायला काही आधार नाही. म्हणून ‘त्याला दाखवून दे मालक कोण’ हा सल्ला मी कोणालाही देत नाही.

तरी नेतृत्व हा शब्द मला हवा आहे, पण साध्या अर्थाने. ज्याच्याजवळ उभं राहिल्यावर पुढे काय होणार ते घोड्याला कळतं, तो नेता. तो एकच गोष्ट एकाच खुणेने विचारतो, उत्तर मिळताच सोडतो, आणि आज ज्याला हो म्हणाला त्याला उद्या मारत नाही.

हत्यारं आणि जागा

साधी, नीट बसणारी मोरकी. साडेतीन ते चार मीटरची, हाताला भरीव लागणारी दोरी. नंतरच्या कामासाठी सात-आठ मीटरची दुसरी दोरी. एक लांब, हलकी छडी. ती मारायला नसते, तुमचा हात लांब करायला असते. हातमोजे, टणक बूट आणि हेल्मेट, जमिनीवर असलात तरी. दोरी हाताला गुंडाळायची नाही, वेटोळ्यात बोटं अडकवायची नाहीत. घड्या घालून तळहातावर धरायची. घोडा भेदरून पळाला तर माणूस फरफटत जातो तो या एका चुकीमुळे.

जागा चारी बाजूंनी बंद, पायाखाली मऊ आणि न घसरणारी, साधारण वीस मीटर लांब-रुंद पुरते. कुंपणात तार नको. दुसरं माणूस हाकेच्या अंतरावर असावं. लहान मुलं आणि कुत्री बाहेर. दोरी ओढली की घाबरणाऱ्या घोड्याला खांबाला बांधू नका. दाबाला सैल होणं त्याला अजून यायचं आहे, आणि बांधलेल्या अवस्थेत त्याने मान मागे झोकून दिली तर मानेला कायमची इजा होऊ शकते.

पहिली पायरी: जवळ जाणं आणि परत येणं

पहिल्या दिवशी मोरकी घालायची नाही, एवढं ठरवूनच आत जा. खांद्याच्या रोखाने चाला. घोड्याचं डोकं वर झालं, किंवा चघळणं थांबलं, की तिथेच थांबा. ही त्याची रेषा. ती ओलांडू नका आणि मागेही सरू नका. नजर जमिनीवर ठेवा, श्वास सोडा. त्याची मान थोडी खाली आली किंवा त्याने कान तुमच्याकडे वळवला, की वळून चालू लागा. शांत राहिलं की माणूस जातो, हा पहिला नवा धडा. अशा दहा-बारा फेऱ्यांत रेषा जवळ येत जाते. कधी तीन दिवस लागतात, कधी तो स्वतःच मागून चालत येतो.

पुठ्ठे फिरवणाऱ्या घोडीबरोबर एवढ्याने भागलं नाही. तिने पुठ्ठे फिरवले की मी लाथेच्या टप्प्याबाहेर, बाजूला जाऊन, छडीने जमिनीवर हलका आवाज करत राहिलो. तिने डोकं माझ्याकडे वळवलं त्या क्षणी आवाज बंद करून दोन पावलं मागे. पहिल्या वेळी तिला जवळपास चार मिनिटं लागली. संध्याकाळपर्यंत ती आवाजाआधीच वळत होती.

स्पर्श करायचा तो चेहऱ्यावर नको. आयाळ जिथे संपते, खांद्यांच्या मधोमधच्या त्या उंचवट्यावर बोटांनी खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच कुरतडतात. फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर झालेल्या, 1993 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माणसाने याच भागात खाजवल्यावर हृदयाचे ठोके कमी झालेले आढळले. थोपटण्यापेक्षा खाजवणं चांगलं. खांद्यावर थापा मारणं आपल्याला प्रेमाचं वाटतं, घोड्याला तसं वाटतंच असं नाही. हाताची पाळी संपली की मोरकी नुसती खांद्यावर टेकवा, काढा, निघा. नाकावरून चढवून लगेच उतरवा. बकल लावणं शेवटी.

दुसरी पायरी: दाब आणि सोडणं

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ देतो आणि तुम्हीही द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

घोड्याच्या डाव्या खांद्याशी, थोडं बाजूला उभे राहा. दोरी हनुवटीखाली धरून मागच्या दिशेला दोन बोटांचा ताण द्या. फक्त ताण, झटका नाही. तो स्थिर ठेवा आणि मनात तीनपर्यंत मोजा. काही झालं नाही तर ताण थोडा वाढवा, पुन्हा स्थिर. घोडा कदाचित मान वर करेल, बाजूला वळेल, पुढे ढकलेल. या सगळ्यात तुमचा हात तोच दाब घेऊन त्याच्याबरोबर फिरत राहील, वाढणारही नाही, सुटणारही नाही. मग केव्हातरी त्याचं वजन मागे जाईल. पाऊल उचललं नसेल, नुसता छातीचा भार कलला असेल. त्या क्षणी हात पूर्ण उघडा. दोरी लोंबू द्या. दहा सेकंद काहीच मागू नका.

शिकण्याचा क्षण सुटकेचा असतो. दाबाने घोड्याला एवढंच कळतं की काहीतरी बदलायला हवं, पण काय बदलायचं ते सुटकेने कळतं. ती एका सेकंदाच्या आत झाली तरच त्याला दोन गोष्टींचा संबंध लागतो. पाऊल मागे पडल्यावर ‘वा, छान’ म्हणत तुम्ही आणखी दोन सेकंद ताण धरून ठेवला, तर त्याने योग्य उत्तर देऊनही काही मिळालं नाही. दोन-तीनदा असं झालं की तो दुसरी उत्तरं शोधू लागतो, आणि त्यातलं एखादं मागच्या पायांवर उभं राहण्याचं असतं.

उलटी चूकही तितकीच नेहमीची. घोड्याने डोकं जोरात उडवलं, आपण दचकलो, दोरी सैल सुटली. त्याने नोंद केली: डोकं उडवलं की सुटका. अवघड घोडे बहुतेक याच दोन चुकांतून तयार होतात, एक उशिराची सुटका आणि दुसरी चुकीच्या वेळची. म्हणून मी नवख्यांना आधी घोड्याशिवाय सराव करायला लावतो. दोरीचं एक टोक मित्राच्या हातात द्या, डोळे मिटून घ्या. मित्राने किंचित सैल दिलं की तुम्ही लगेच सोडायचं. अर्ध्या तासात हाताला जी समज येते ती वाचून येत नाही.

दर वेळी सुरुवात सगळ्यात हलक्या खुणेने करा. आधी फक्त शरीर थोडं पुढे, मग बोटांचा ताण, मग वाढता ताण. आठवड्याभरात घोडा पहिल्या खुणेलाच मागे सरायला लागला तर काम नीट चाललं आहे. दाब दिवसेंदिवस वाढवावा लागत असेल, तर सोडण्यात कुठेतरी उशीर होतो आहे. तेव्हा जास्त कडक मोरकी आणू नका. स्वतःचा व्हिडिओ काढून पाहा.

तिसरी पायरी: शरीराचे भाग वेगवेगळे हलवणं

मागे सरणं आलं की त्याच पद्धतीने चार गोष्टी शिकवा. दोरीवर खाली हलका भार दिला की मान खाली. पुढे ताण दिला की एक पाऊल पुढे. खांद्याकडे बोट केलं की पुढचे पाय बाजूला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुठ्ठ्यांकडे पाहून छडी तिकडे नेली की मागचे पाय बाजूला.

हा शेवटचा प्रकार तुमचा ब्रेक आहे. घोड्याची बहुतेक ताकद मागच्या पायांतून येते. उधळायला, मागच्या पायांवर उभं राहायला किंवा दुगाण्या झाडायला त्याला ते दोन्ही पाय अंगाखाली सरळ रोवावे लागतात. एक मागचा पाय दुसऱ्यापुढून ओलांडून गेला की तो रोख मोडतो. त्यामुळे घोडा तापतोय असं दिसलं की त्याचं डोकं किंचित तुमच्याकडे घ्या आणि पुठ्ठे दोन पावलं पलीकडे पाठवा. ओढाताणीची गरज राहत नाही. मात्र हे शिक्षा म्हणून गरागरा फिरवत करू नका. दोन पावलं, सुटका, शांतता.

प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी शिकवा. डावीकडून पक्कं झालेलं उजवीकडून नव्याने शिकवावं लागतं, आणि नेहमी डावीकडूनच हाताळलेले घोडे उजव्या बाजूला चक्क नवखे असतात.

चौथी पायरी: बरोबर चालणं

आता चालत फिरा. घोड्याचं डोकं तुमच्या खांद्याच्या रेषेत, मध्ये हातभर अंतर, दोरी सैल. तुम्ही थांबलात की त्याने थांबायचं. नाही थांबला तर वळून दोन पावलं मागे न्या, आणि पुन्हा चाला. अंगावर येणाऱ्या घोड्याला नाकावर फटका देऊ नका, त्याने घोडा डोक्याजवळच्या हातालाच घाबरू लागतो. त्याने तुमच्या जागेत पाऊल टाकण्याआधीच कोपर बाहेर काढा, दोरीचं टोक तुमच्या पुढ्यात फिरवा. तो त्यात आला तर दोरी त्याला लागेल, बाहेर राहिला तर काहीच होणार नाही.

अडून बसणाऱ्या घोड्याला समोरून ओढणं निरर्थक आहे. पाचशे किलोंपुढे तुमचं काय चालणार? बाजूला तिरपा ताण द्या. तोल सावरायला त्याला पाय उचलावाच लागतो, आणि त्या पावलाला लगेच सुटका द्या.

लांब दोरीवर रिंगणात फिरवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. घोडा दमेपर्यंत पळवायचा आणि मग तो ऐकतो म्हणायचं, हे शिकवणं नव्हे. पळवून त्याला आणखी तंदुरुस्त करता, आणि माणूस दिसला की पळायचं हेही पक्कं करता. बंद रिंगणात घोड्याला पाठलाग करून वळायला लावण्याच्या पद्धतीबद्दलही मला हीच शंका आहे. तुमच्याकडे येणं हा त्याच्यापुढे उरलेला एकमेव मार्ग असेल, तर त्याला विश्वास म्हणणं कठीण आहे. रिंगण वापरा, पण कदमचालीत, म्हणजे साध्या संथ चालीत. दहा मिनिटं, वारंवार दिशा बदलत, थांबत. दुडकी चाल आली तरी दोरी सैल असेल आणि आतला कान तुमच्याकडे असेल तेव्हाच पुढे जा.

पाचवी पायरी: भीतीच्या वस्तू

प्लास्टिकची पिशवी, छत्री, पाण्याचा पाइप, ताडपत्री यांना बुजणारा घोडा त्यांच्यापुढे बांधून ठेवला तर काही वेळाने गप्प होतो. तो सरावला असं वाटतं. पुष्कळदा त्याने फक्त आशा सोडलेली असते. डोळा निस्तेज, अंग लाकडासारखं, खाजवलं तरी प्रतिसाद नाही. असा घोडा एके दिवशी काहीही इशारा न देता फुटतो, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती अशाच घोड्यांची वाटते.

योग्य सुरुवात अंतरापासून होते. पिशवी छडीला बांधून मदतनीसाला घोड्यापासून दूर चालत जायला सांगा आणि तुम्ही घोडा घेऊन तिच्या मागे चाला. पळून जाणाऱ्या गोष्टीची भीती कमी वाटते. घोड्याला कुतूहल वाटलं की अंतर त्यालाच कमी करू द्या. मग पिशवी थांबवा. त्याने नाक लावलं तर ती मागे न्या. पुढे कधीतरी ती खांद्याजवळ येईल तेव्हाही तोच नियम: घोडा उभा राहून सैल झाला की पिशवी जाते. तो हलत असताना पिशवी एकदम काढू नका, आणि जवळही आणू नका. असं दोनदा घडलं म्हणजे सुरुवातच फार जवळून झाली होती, दहा मीटर मागे जा.

चावणं, पाय न देणं, आणि कुठे थांबायचं

चावणाऱ्या घोड्याला हातातून खाऊ देणं महिनाभर बंद करा. खाऊचा उपयोग मोठा आहे, पण त्याचीही शिस्त हवी. कुंपणापलीकडे उभे राहा, घोड्याने तोंड दुसरीकडे वळवलं की खाऊ भांड्यात टाका. खिसे हुंगण्याला काहीही नाही. हे पक्कं झालं की मगच कुंपणाच्या आत.

पाय उचलू न देणाऱ्या घोड्याचा पाय पहिल्या दिवशी उचलायचाच नाही. खांद्यापासून हात खाली आणत तो जिथे आखडतो तिथे थांबवा, सैल झाला की काढा. खुरापर्यंत पोचायला चार दिवस लागले तरी चालेल. मग भार हलवला की सुटका, टाच उचलली की सुटका, मग एक सेकंद धरून पाय खाली ठेवणं. ठेवणं, टाकणं नाही. त्याने हिसकण्याच्या आधी तुम्ही ठेवायचा. मागच्या पायांना आधी लांब छडीच्या टोकाला बांधलेल्या मऊ हातमोज्याने स्पर्श करा, म्हणजे लाथ आली तरी ती मोज्याला लागेल. नालबंद येण्याच्या आदल्या दिवशी हे सुरू करून उपयोग नाही.

तोंड उघडून अंगावर धावणारा, पुढच्या पायांनी मारणारा, किंवा दोरी लागताच मागच्या पायांवर उभा राहणारा घोडा वाचून शिकण्याचा विषय नाही. खच्ची न केलेला तगडा घोडा नवख्याने एकट्याने हाताळण्याचाही नाही. तिथे शांत हाताचा, अनुभवी माणूस बोलवा. त्याला निवडताना त्याच्या गप्पा ऐकू नका, त्याने घडवलेले घोडे तो जवळ आल्यावर कान कुठे ठेवतात ते पाहा.

वेळ, आणि मागे घसरणं

धडा पंधरा-वीस मिनिटांचा, दिवसातून एक किंवा दोन वेळा. घोड्याने एखादी गोष्ट पूर्वीपेक्षा बरी केली की तिथेच थांबा, सहा मिनिटंच झाली असली तरी. तुम्हाला राग आला असेल तर त्या दिवशी त्याला फक्त खरारा करा आणि परत सोडा.

साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुष्कळांचा धीर सुटतो, कारण सुटत आलेली सवय अचानक दुप्पट जोराने परत येते. जे इतकी वर्षं चाललं ते आता का चालत नाही, म्हणून घोडा ते आणखी जोरात करून बघतो. या टप्प्यावर घाबरून सुटका दिलीत तर तो शिकतो की जोर कमी पडत होता. सुरक्षित अंतर ठेवा, आधीचाच दाब तसाच ठेवा, थोडं जरी बरं उत्तर आलं तरी घ्या. तेही नाही जमलं तर दोन पायऱ्या मागे जा. जागा बदलली, वारा सुटला, बरोबरचा घोडा नेला, तरीही मागे जावं लागतं.

घोड्याला हात लावणारा प्रत्येकजण एकच पद्धत वापरतो आहे ना, तेही बघा. सकाळी तुम्ही दोन बोटांनी मागे सरकवायचं आणि संध्याकाळी मोतद्दाराने, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याने, फटका मारून दारातून काढायचं, अशाने वर्ष गेलं तरी काही होणार नाही. मोतद्दाराला बोलावून, शेजारी उभं करून, दोरी त्याच्या हातात द्या. घोड्याचे सर्वाधिक तास त्याच्याबरोबर जातात.

खोगिराकडे परत

सैल दोरीवर दोन्ही बाजूंनी चालणं, थांबणं, मागे सरणं, पुठ्ठे हलवणं हे तीन वेगवेगळ्या जागी, पहिल्या हलक्या खुणेला होत असेल, तेव्हा खोगीर बाहेर आणा. तेही पहिल्या भेटीसारखंच आणा: दाखवा, हुंगू द्या, न्या. पाठीवर ठेवा, उतरवा. तंग एका दमात आवळू नका. एक भोक, चार पावलं चालवणं, मग पुढचं भोक. पाठीवर ओणवं होऊन भार द्या आणि तो उभा राहिला की उतरा. रिकिबीत, म्हणजे खोगिराला लोंबणाऱ्या पायकडीत, पाय ठेवून वर या, पण पलीकडे पाय टाकू नका, पुन्हा खाली. लगामाऐवजी अजून मोरकीच असू द्या, कारण दोन बोटांच्या ताणाला मागे सरणं त्याला तिच्यावरच आलेलं आहे. पहिल्यांदा पूर्ण बसाल तेव्हा मदतनीस दोरी धरून खांद्याशी उभा असावा.

त्या घोडीवर मी अकराव्या आठवड्यात बसलो. ती उभी राहिली, मान वळवून माझ्या बुटाचा वास घेतला आणि लांब श्वास सोडला. मी तिच्या आयाळीच्या बुडाशी खाजवलं आणि एकही पाऊल न चालवता खाली उतरलो. मोरकी काढल्यावर ती कोपऱ्यात गेली नाही, फाटकापर्यंत माझ्या मागे आली.